मोटार आधी तापवावी काय?

शहाद्याहून तोरणमाळास निघालेल्या गाडीला एकाच सकाळी दोन मुलूख ओलांडावे लागतात. पहिला तापीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा, ऊस, केळी, पपई आणि कापूस यांच्या शेतांमधून जाणारा. दुसरा सातपुड्याचा, वळणावर वळण घेत चढत जाणारा. अंतर सुमारे ५५ किलोमीटरांचेच. परंतु शेवटी गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर जाऊन पोहोचते. अशा वाटेवर नवी मोटार कशी वागते हा प्रश्न गौण आहे. तिच्या पोटात पेट्रोल आणि हवा यांचा क्षणोक्षणी हिशेब ठेवणारे संगणकयंत्र बसविलेले असते. खरा प्रश्न आहे तो जुन्या गाडीचा. कार्ब्युरेटर, चोक आणि जाडसर तेल यांवर जिचा संसार चालतो, त्या गाडीला पहाटेच्या गारठ्यात सुरू केल्यावर लगेच रस्त्यास लावावी, की जाग्यावर उभी ठेवून आधी चांगली तापू द्यावी?

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांच्या घरी वडिलार्जित जीप, फियाट, ॲम्बेसेडर, बुलेट किंवा जावा अजून जतन करून ठेविलेली आहे, त्यांच्या घरी यावर वाद झाला नाही असे क्वचितच घडते. वडील पिढी म्हणते, 'किमान दहा मिनिटे इंजिन फिरू दे, मग गिअर टाक.' मुलगा म्हणतो, 'पुस्तकात तर लिहिले आहे की सुरू करा आणि निघा.' दोघांच्याही म्हणण्यास आधार आहे, आणि दोघेही अर्धेच बरोबर आहेत. पूर्ण उत्तर हाती यावयाचे तर थंड इंजिनात थंड काय असते, आणि त्या थंडपणाने बिघडते काय, हे आधी पाहिले पाहिजे.

इंजिन रात्रभर उभे राहिले म्हणजे त्यातील वंगणाचे तेल हळूहळू निथळून खालच्या तेलकुंडात जाऊन बसते. सिलिंडरची भिंत, बेअरिंगे आणि वरचे व्हॉल्व्ह यांवर तेलाचा केवळ पातळ थर राहतो. सकाळी इंजिन फिरू लागले की पंप ते तेल पुन्हा वर चढवू लागतो; पण थंड तेल घट्ट असते. ३० या श्रेणीचे साधे तेल १०० अंश सेल्सिअस उष्णतामानात जितके पातळ असते, त्याच्या सुमारे नऊपट घट्ट ते ४० अंशांवर असते. पौषातील पहाटेच्या गारठ्यात तर त्याहूनही कितीतरी अधिक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मल्टिग्रेड तेले सर्रास मिळू लागल्यापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. तथापि ती नाहीशी झालेली नाही. तेल सर्वत्र पोहोचेपर्यंतचे पहिले काही क्षण हे इंजिनाच्या आयुष्यातील नाजूक क्षण होत. तेलाच्या दाबाचा काटा वर उठेपर्यंत गाडी हलवू नये, हा जुन्या मंडळींचा नियम त्यामुळे अगदी योग्य आहे. मात्र सुस्थितीतील इंजिनात हा काटा उठावयास काही सेकंदच लागतात. दहा मिनिटे लागत नाहीत. ज्या गाडीत लागतात, तिला तापविण्याची नव्हे, मिस्त्रीकडे नेण्याची गरज आहे.

दुसरी गोष्ट धातूंची. पुष्कळशा इंजिनांत पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा असतो. उष्णतेने ॲल्युमिनियम हे बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फट थंड असताना मुद्दाम थोडी मोठी ठेविलेली असते आणि योग्य उष्णता आली म्हणजेच ती नेमकी होते. सकाळी काही इंजिनांतून जो टकटक असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर जो आपोआप थांबतो, तो बहुधा या मोकळ्या फटीचाच असतो. त्या अवस्थेत इंजिनावर भारी जोर टाकणे हे अंगापेक्षा मोठे जोडे घालून शर्यतीत धावण्यासारखे होय.

येथपर्यंतचा पुरावा ऐकून वडील पिढी म्हणेल, 'मग आमचेच खरे ठरले.' पण तिसरी आणि चौथी गोष्ट ऐकल्यावर पारडे फिरते.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. पेट्रोल द्रवरूपाने जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली म्हणजे जळते. थंड इंजिनात पुरेशी वाफ होत नाही, म्हणून चालक चोक ओढतो. चोक ओढणे म्हणजे हवेची वाट अडवून पेट्रोलाचे प्रमाण वाढविणे. १ भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १५ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. चोक ओढला असता पेट्रोल त्याहून किती तरी अधिक जाते. त्यातील न जळलेला अंश थेंबाथेंबाने सिलिंडरच्या भिंतीवर बसतो, तेथील तेलाचा थर धुऊन काढतो आणि रिंगांच्या कडेने खाली उतरून तेलकुंडातील तेल पातळ करितो. ज्या थरावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून, तोच अशा रीतीने धुतला जातो. चोक जितका वेळ ओढलेला राहील, तितका वेळ हे चालूच राहणार.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि ती ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एक लिटर पेट्रोल जळाले की त्यातून सुमारे लिटरभरच पाणी निर्माण होते. तापलेल्या इंजिनात ते वाफेच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जाते. थंड इंजिनात त्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवर, तेलकुंडाच्या पोकळीत आणि सायलेन्सरमध्ये गोठून थेंब होतो. ज्वलनातून निघालेले इतर वायू त्यात विरघळले म्हणजे त्यास आम्लाचे गुण येतात, आणि आम्लाने लोखंड गंजते. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनियर्स या संस्थेच्या वतीने सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर विस्तृत प्रयोग केले. सिलिंडरची भिंत थंड ठेवून इंजिन चालविले असता झीज झपाट्याने वाढते, आणि त्या झिजेचे एक प्रमुख कारण घर्षण नसून गंज हे आहे, असे त्यांतून दिसून आले. वर्षानुवर्षे लोकांची समजूत अशी होती की इंजिन झिजते ते धावून धावून. प्रत्यक्षात ते पुष्कळसे झिजते ते गारठून.

आता या चार गोष्टींचा मेळ घातला म्हणजे निर्णय सोपा होतो. थंड अवस्था ही इंजिनास घातक आहे, हे दोन्ही पक्षांस मान्य. तेव्हा त्या अवस्थेतून त्याला शक्य तितक्या लवकर, पण जोर न टाकता, बाहेर काढणे हेच इष्ट. जाग्यावर संथ फिरणारे इंजिन फारच थोडे पेट्रोल जाळते, म्हणून फारच थोडी उष्णता निर्माण करिते. त्यास तापावयास दीर्घ काळ लागतो. आणि त्या साऱ्या काळात चोक ओढलेला, तेलाचा थर धुतला जात असलेला, पाणी साचत असलेले, अशी त्याची दशा असते. वडील मंडळी ज्या अवस्थेपासून इंजिनास वाचवू पाहतात, तिच्यातच ते त्यास अधिक वेळ कोंडून ठेवितात. हीच गाडी हलक्या हाताने रस्त्यावर चालू लागली तर थोडासा भार पडून ती काही मिनिटांतच ऊब धरते.

सारंगखेड्यास तापीच्या तीरावर दत्तजयंतीस घोड्यांची मोठी यात्रा भरते. तेथे जातिवंत घोडा पारखून घेणारा मनुष्य त्यास ठाणावरून सोडल्याबरोबर भरधाव फेकीत नाही. पण त्याचबरोबर घोड्याने ठाणावरच अर्धा तास पाय आपटीत उभे राहावे म्हणजे त्याचे अंग मोकळे होईल, असेही तो मानीत नाही. तो घोड्यास आधी पावलांनी चालवितो, मग दुडक्या चालीने, आणि अंग मोकळे झाल्यावर दौडीस सोडतो. जनावराच्या बाबतीत जे सर्वांस सहज पटते, ते यंत्राच्या बाबतीत पटावयास मात्र वेळ लागतो.

समजा, शहाद्यातील एखादे वृद्ध वकील आपली जुनी पेट्रोलची जीप घेऊन मिस्त्रीकडे आले आहेत. मुंबईत १९४७ मध्ये महिंद्र यांच्याकडे अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली आणि पुढे सातपुड्यासारख्या डोंगरी भागात हे वाहन लोकांच्या अंगवळणी पडले; त्याच घराण्यातील ही एक. वकीलसाहेब म्हणतात, 'मिस्त्री, मी रोज पंधरा मिनिटे उभी ठेवून तापवितो, तरी निघाल्यावर गिअर जडच पडतात.' मिस्त्री उत्तर देतात, 'साहेब, उभी ठेवल्याने गाडीचे डोके तापते, पाय थंडच राहतात.' 'मग पाय तापवावयाचे कसे?' 'चालवून, साहेब. हळू चालवून.'

मिस्त्रींच्या या उत्तरात पुष्कळ अर्थ भरलेला आहे. गाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. गिअरपेटीतील आणि मागच्या आसावरील डिफरन्शियलमधील तेल इंजिनातील तेलाहूनही घट्ट असते. चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीस, झटका शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल आणि टायरांचे रबर ही सारी रात्रभराच्या गारव्याने आखडलेली असतात. इंजिन उभ्या उभ्या तासभर फिरविले तरी यांपैकी बहुतेकांस उष्णतेचा स्पर्शही होत नाही. ती तापतात ती फिरू लागल्यावरच. उभी ठेवून तापविलेली गाडी एकदम वेगाने हाकणारा मनुष्य म्हणूनच फसतो. काटा उष्णता दाखवितो, आणि अर्धी गाडी अजून झोपेतच असते.

पाण्याचा काटाही थोडा फसवाच. रेडिएटरच्या वाटेवर बसविलेला थर्मोस्टॅट सुमारे ८० अंशांपर्यंत पाण्यास इंजिनाभोवतीच फिरवीत ठेवितो, म्हणून पाणी लवकर तापते. तेल मात्र मागाहून तापते. काटा मधोमध आला म्हणजे सर्व सिद्ध झाले असे न समजता, त्यानंतरही आणखी काही किलोमीटर हात राखूनच गाडी हाकावी.

याच्या उलट जो दोष आहे, तो तरुण पिढीचा. इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर दाबून ते मोठ्याने गुरगुरविणे, यास आपल्याकडे 'रेस करणे' म्हणतात. असे केल्याने इंजिन लवकर तापते अशी समजूत आहे; पण ज्या क्षणी तेल अद्याप वर पोहोचलेले नाही, नेमक्या त्याच क्षणी भागांचा वेग वाढविण्याचा हा प्रकार आहे. दोन-फटकी, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनांत तर याचे फळ तत्काळ मिळू शकते. जुन्या जावा, येझदी, राजदूत या मोटारसायकली आणि जुन्या बजाज स्कुटरी यांत वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. थंड असताना मूठ पूर्ण पिळली तर ॲल्युमिनियमचा पिस्टन भराभर तापून फुगतो, बिडाचा सिलिंडर मात्र त्या गतीने फुगत नाही, आणि पिस्टन त्यात आवळला जाऊन गाडी धावता धावता मागचे चाक अडकते. असा प्रसंग रहदारीच्या रस्त्यावर आला तर तो केवळ दुरुस्तीचा प्रश्न राहत नाही. हवेने थंड होणाऱ्या बुलेटसारख्या गाडीस आणखी एक अडचण आहे. ती उभी असताना तिला वारा मिळत नाही. म्हणून जाग्यावर दीर्घकाळ फिरविल्यास तिचा माथा गरजेपेक्षा अधिक तापतो.

मग करावे काय? गाडी सुरू करण्यापूर्वी तेल आणि पाणी पाहावे. चोक ओढून, ॲक्सिलरेटरशी न झोंबता इंजिन सुरू करावे. तेलाच्या दाबाचा काटा उठला, आणि इंजिन न अडखळता फिरू लागले, म्हणजे चोक थोडा आत ढकलावा. उन्हाळ्यात यास अर्धे मिनिट पुरते. थंडीत एक, फार तर दोन मिनिटे. एवढ्यात काचा पुसून होतात. मग पहिल्या गिअरमध्ये सावकाश निघावे. चोक जसजसा अनावश्यक होईल तसतसा आत सारीत जावा. तो विसरून ओढलेलाच ठेवणे हे जुन्या गाडीच्या मालकाचे सर्वांत महाग विस्मरण होय. पहिले आठ-दहा किलोमीटर मध्यम वेग ठेवावा, इंजिन फार जोरात फिरवू नये. पण अगदी वरच्या गिअरमध्ये फरफटतही नेऊ नये, कारण कमी फेऱ्यांवर भारी ओझे हेही थंड बेअरिंगांस सोसवत नाही. शहाद्याहून तोरणमाळास जाणाऱ्यास ही व्यवस्था आयतीच लाभते. म्हसावदच्या दिशेने जाणारा सपाट रस्ताच गाडीस तापविण्याचे काम करितो आणि घाट लागेपर्यंत ती पूर्ण तयार झालेली असते. तळोद्याहून चांदशैलीच्या घाटाने धडगावकडे जाणाऱ्यास तेवढी सपाटी मिळत नाही. त्याने घाटाच्या पायथ्यापर्यंतचा प्रत्येक किलोमीटर अधिक हलक्या हाताने काढावा, आणि चढ लागताच खालचा गिअर घेऊन गाडीस धापा टाकू न देता चढवावे.

सकाळी डोंगरमाथ्यावरून खाली उतरणाऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे. तोरणमाळास किंवा अक्कलकुव्याच्या डाब परिसरात थंडी इतकी पडते की काही हिवाळ्यांत पहाटेचे दवबिंदू गोठल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत आलेल्या आहेत. तेथे इंजिन अधिक गारठलेले असते, आणि उतारावर त्यावर भार नसल्याने ते तापतेही सावकाश. अशा ठिकाणी चोकाशिवाय इंजिन स्थिर फिरू लागेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे अधिक थांबणे शहाणपणाचे. माथ्यावरील सपाटीवरच ब्रेक दाबून पाहावेत. परंतु 'इंजिन थंड आहे, त्यास त्रास नको,' अशा भलत्या दयेने किंवा पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडून घाट उतरणे हे प्राणाशी खेळणे आहे. जुन्या जीपेचे ड्रम-ब्रेक सतत दाबल्याने तापतात, आणि तापले की धरीनासे होतात. उतारावर गाडीस आवरून धरणारा पहिला हात खालच्या गिअरमधील इंजिनाचाच असतो. ब्रेक हा दुसरा हात होय.

दहा-पंधरा मिनिटे तापविण्याची चाल मुळात पडली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला; त्यापूर्वी मोटार हँडल फिरवूनच सुरू करावी लागे. हँडलाच्या उलट्या तडाख्याने कित्येकांचे मनगट मोडत असे. इतक्या कष्टाने सुरू झालेले इंजिन चौकात बंद पडू नये म्हणून ते पुरते तापेपर्यंत कोणी निघत नसे. शिवाय मोटारींची पहिली पुस्तके ज्या देशांत लिहिली गेली, तेथील हिवाळ्यात पाणी गोठते. तापीकाठी वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि थंडीतही सपाटीवर तो सहसा १० अंशांच्या आसपासच रेंगाळतो. परदेशच्या हिमासाठी केलेला नियम खानदेशच्या उन्हात पाळणे म्हणजे चैत्रात घोंगडी पांघरणे होय. मोठ्या बसगाड्या आणि मालमोटारी निघण्यापूर्वी काही मिनिटे घुरघुरत उभ्या असतात, हे पाहूनही पुष्कळांचा समज दृढ झाला असावा. पण त्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि टाकीत हवेचा पुरेसा दाब भरेपर्यंत त्यांना थांबणे भागच असते. कारण निराळे, कृती सारखी. आणि पाहणाऱ्याने कृती तेवढी उचलली.

जुन्या डिझेल जीपेची रीतही वेगळी. तिच्यात चालक ज्यास 'हीटर' म्हणतात तो ग्लो प्लग काही सेकंद आधी तापवावा लागतो. पण ते तापविणे इंजिन सुरू होण्यापूर्वीचे आहे, नंतरचे नव्हे. विहिरीवरील ऑईल इंजिन चालविणाऱ्या शेतकऱ्यास तर हा सारा विचार अनुभवानेच ठाऊक असतो. तो इंजिन सुरू होताच पूर्ण भार टाकीत नाही, आणि विहिरीचे गार पाणी सिलिंडराभोवती भरपूर सोडून त्यास कायमचे गारठवूनही ठेवीत नाही.

आता एका विशेष वर्गाकडे वळले पाहिजे. ज्यांच्या जुन्या गाड्या क्वचितच रस्त्यावर येतात, तो हा वर्ग. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. अशा नोंदणीची गाडी नित्याच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. साहजिकच ती बहुतेक काळ उभी असते, आणि मालक दर रविवारी ती पाच-दहा मिनिटे सुरू करून पुन्हा बंद करितो. 'इंजिन जागे राहते,' असे त्यास वाटते. वस्तुतः दर रविवारी तो इंजिनात थोडे पाणी ओतीत असतो. ज्वलनाचे पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याइतकी उष्णता येण्यापूर्वीच इंजिन बंद होते, आणि ते पाणी तेलात मिसळून कालांतराने चिकट गाळ होतो, सायलेन्सर आतून गंजतो. बॅटरीचेही भरण होत नाही. जुन्या गाड्यांतील डायनॅमो इंजिन संथ फिरत असता जवळजवळ काहीच वीज देत नाही, आणि स्टार्टरने मात्र बॅटरीतून भरपूर वीज काढलेली असते. महिन्यातून एकदा नियमात बसेल अशा निमित्ताने तिला वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावे. ते जमत नसेल तर तिला स्वस्थ निजू द्यावे. दर आठवड्यास अर्धवट जागे करणे हा सर्वांत वाईट मार्ग.

यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पासून देशात सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलाहून दुपटीपेक्षा अधिक उष्णता लागते; म्हणून थंड कार्ब्युरेटर आणखी थंड पडतो आणि जुने इंजिन सकाळी अधिक वेळ अडखळते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांस व गास्केटांस मऊ पाडते. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने या नळ्या वेळोवेळी हाताने चाचपून पाहाव्यात; फुगलेली किंवा चिरलेली नळी आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

आतापर्यंत विचार झाला तो यंत्राच्या आरोग्याचा. परंतु तापविण्याच्या या सवयीत माणसाच्या प्राणावरही बेतू शकते, आणि ती गोष्ट घरातील प्रत्येकाने लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्यावाटे प्राणवायू शरीरभर पोहोचतो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो, आणि मनुष्य श्वास घेत असूनही आतून गुदमरतो. आधी डोके दुखते, भोवळ येते, मळमळते, मग गुंगी येते. आणि गुंगी आल्यावर दारापर्यंत जाण्याची शक्ती उरत नाही. थंड इंजिन, ओढलेला चोक आणि जुनी बनावट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे या वायूचे प्रमाण कमालीचे वाढते. आजच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे जे साधन असते, तेही जुन्या गाडीत नसते. थंडी लागते म्हणून शटर खाली ओढून आत गाडी तापवीत बसणे म्हणजे मृत्यूस घरात बोलावणे होय. पुष्कळ घरांत गाडीची खोली आणि निजण्याची खोली यांत एकाच दाराचे अंतर असते, हेही विसरता कामा नये. केवळ दार उघडे ठेविल्याने भागत नाही. गाडी आधी ढकलून उघड्यावर आणावी आणि मगच सुरू करावी. कोणास अशी भोवळ आलीच, तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे पोहोचवावे.

नव्या गाडीच्या मालकासाठी वेगळे सांगावयाचे थोडेच उरते. तिला चोक नाही. इंजिनाची उष्णता पाहून पेट्रोलाचे माप ती आपले आपणच ठरविते. तिने अर्ध्या मिनिटात निघावे हे तिच्या पुस्तकातील वचन खरे आहे. पण 'निघावे' याचा अर्थ 'उधळावे' असा नव्हे. तिचेही तेल थंड, तिचेही गिअर थंड, आणि तिच्याही पिस्टनांस प्रसरणाचा तोच नियम लागू.

तेव्हा बापलेकांच्या त्या जुन्या वादाचा निकाल असा की, वडिलांचे धोरण बरोबर, पण साधन चुकीचे. मुलाचे साधन बरोबर, पण धोरण उतावळे. थंड इंजिनावर जोर टाकू नये हे वडिलांनी जपलेले तत्त्व सोडावयाचे नाही, आणि ऊब चालण्यानेच येते हे मुलाने वाचलेले सत्यही नाकारावयाचे नाही. घड्याळाकडे पाहून दहा मिनिटे मोजण्यापेक्षा तेलाच्या काट्याकडे डोळा, इंजिनाच्या आवाजाकडे कान आणि चोकावर हात ठेवावा. जुनी गाडी आपणास काय हवे ते स्वतःच सांगत असते. तिचे म्हणणे ऐकून जो मनुष्य पहिले आठ-दहा किलोमीटर संयमाने काढील, त्याची गाडी सातपुड्याचा घाट तर चढेलच. आणि ती पुढे नातवांच्याही हाती सुस्थितीत पडेल.